तांब्याभर पाण्याचं भांडण

लिंबाजीभाऊ, तुमची छागल, ती पाण्याची कापडी पिशवी, अजून माझ्याच ओसरीत खिळ्याला टांगलेली आहे. वहिनींनी नेली नाही आणि मला तिथून काढवत नाही. पाणी नसल्यामुळं तिचं जाड कापड वाळून पापडासारखं कडक झालंय. रोज सकाळी पोस्टाचं दार उघडलं की पहिली नजर तिच्यावर जाते आणि हात आपोआप रांजणाकडं वळतो. मग आठवतं. मग स्वतःवरच चिडते.

तुमचं तेरावं होऊन गेलं. रडणारे रडून मोकळे झाले, हार घालणारे हार घालून गेले. मला मात्र तुमच्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, आठवतंय ना? मयताचं कार्ड घेऊन गेलात की दारात बसून आधी पाणी मागायची तुमची ती रीत. मी म्हणायचे, हा छळ आहे, सरळ कार्ड द्या आणि मोकळे व्हा. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुमाला ओसरीत बसून न्हाई कळायचं ते." इतकी वर्षं भांडलो, ना तुम्ही हटलात ना मी. आता त्याचा निकाल लागलाय. कसा लागला ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू द्या. मधेच "आटपा बाई, ऊन चढतंय" म्हणू नका.

आपलं पोस्ट म्हणजे काय, माझ्या घराची ओसरी. एक टेबल, एक शिक्का, शाईची गादी आणि बाहेर भिंतीला लाल पेटी. तलवाड्याहून येणारी एस.टी. थैली टाकून जायची. मी ती फोडून शिक्के मारायचे, तुम्ही वस्तीवस्तीची चळत लावायचात आणि निघायचात. गाव मला पोस्टमास्तरीणबाई म्हणायचं, तुम्हाला पोस्टमन. पण सरकारच्या पंगतीत आपलं दोघांचं पान शेवटच्या ओळीत, तेही भात संपल्यावर. तुम्ही यावरून चिडायचात, मी चिडून काही उपयोग नाही म्हणून चिडायचे.

दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जायचं, टोळ्याटोळ्यांनी, लांबच्या साखर कारखान्यांवर. मागं उरायची म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. त्या म्हाताऱ्यांचा जीव तुमच्या थैलीत अडकलेला असायचा. तुम्ही लांबून दिसलात की एकेकजण ओट्यावर येऊन बसायचं. पत्र असलं तर तुम्ही वाचून दाखवायचात, नसलं तर "उद्या येईल की, कारखान्यावर पेटी लांब असती" असं काहीतरी ठोकून द्यायचात. खोटं बोलताना तुमचे कान हलायचे. म्हाताऱ्यांना दिसायचं, तरी ते मान डोलवायचे.

आणि मधूनच मयताचं एखादं कार्ड यायचं, कोपरा फाडलेलं. आपल्याकडं अडाणी माणसालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ते घरात न्यायचं नसतं, दाराबाहेरच वाचून फाडून टाकायचं असतं. मी असं कार्ड दिसलं की गुपचूप तुमच्यापुढं सरकवायचे. तुम्ही ते थैलीत टाकत नव्हतात. बाकीच्या पत्रांना विटाळ नको म्हणून सदऱ्याच्या खिशात वेगळं ठेवायचात आणि त्या दिवशी बिडी ओढत नव्हतात.

नोकरीला नवे होतात तेव्हा तुम्हीसुद्धा असं कार्ड हातोहातच देत होतात की. एकदा डोक्यावर घागर घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला तुम्ही ते उभ्याउभ्याच वाचून दाखवलंत, तिचा भाऊ गेला म्हणून. ती घागरीसकट खाली आली. डोकं फुटलं तिचं. तेव्हापासून तुम्ही दारात गेलात की आधी ओट्यावर बसायचात आणि पाणी मागायचात. मी वाद घातला की समजावून सांगायचात, "पानी मागितलं की मानूस आत जातंय. आत देव असतोय, टेकायला भित असती. तिथं मनाची तयारी हुती. अन् भायेर येतं तवा हातात तांब्या असतोय. रिकाम्या हाताला दुःख लई जड जातं, बाई."

"आणि आत जाताना पायाखालची जमीन सरकते त्याचं काय?" मी विचारायचे. "अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक झालंय, पोस्टमननं पाणी मागितलं म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं. तुम्ही पाणी मागता का फाशी सुनावता?"

मी अशी बोलायचे त्याला कारण होतं. माझी आई गेल्याचं कार्ड माझ्याच हातानं थैलीतून निघालं होतं. मला कुणी पाणी मागितलं नाही की बसा म्हटलं नाही. वाचलं, बाजूला ठेवलं आणि पुढची पत्रं घेतली. मी तुम्हाला नेहमी सुनवायचे, "मला सरळ कळलं, मेले का मी?"  तुम्ही एकदाच म्हणालात, "न्हाई मेल्या. पर त्या दिशी समदे शिक्के उलटे मारलते तुमी. मी वाटताना बघितलं." मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नाही. खरं होतं म्हणूनच बोलले नाही.

मग ती रीतच तुमच्यावर उलटली. दुष्काळाचं पहिलं वर्ष, होळीच्या आसपासचं ऊन. माळावरच्या वस्तीत पारूबाईच्या ओट्यावर तुम्ही टेकलात आणि म्हणालात, "पारूबाई, जरा पानी द्या." खरोखरची तहान लागली होती माणसाला! पण पारूबाईचा भीमा ऊसतोडीला गेलेला आणि सून पोटुशी म्हणून मागं राहिलेली. म्हातारी आत गेलीच नाही, तिथंच तिनं हंबरडा फोडला. सगळी वस्ती धावली. कोण गेलं, कसं गेलं, कुणी विचारलंसुद्धा नाही. शेजारणींनी त्या पोरीचं कुंकू पुसायला हात घातला. तुम्ही मधे उभे राहून ओरडताय, "आवं, मला तहान लागलीय! निस्ती तहान!" पण ऐकतंय कोण. एक म्हातारा म्हणाला, "लपवतोय त्यो. सांगायची छाती हुईना त्याची." शेवटी तुम्ही थैली अंगणात पालथी केलीत, खिसे उलटे केलेत, टोपीसुद्धा झटकून दाखवलीत. कोपरा फाटलेलं एकही कार्ड निघालं नाही, तरी पारूबाईला पटलं नाही ते नाहीच.

कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, टोळ्या परतल्या आणि भीमा जिताजागता दारात उभा राहिला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. भीमा पोस्टात आला, तुमच्या पाया पडला आणि म्हणाला, "काय पोस्टमन, मला जित्तेपणीच पोचिवलंत व्हय?" तो हसला, मी तर पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. "बाई," म्हणालात, "आजपासनं कार्ड नसंल तर कुनाच्या दारात पानी मागायचं न्हाई. जीव गेला तरी न्हाई."

जीभ झडो तुमची, असं बोलतं का कुणी?

दुसऱ्याच दिवशी तुम्ही कुठूनशी ही छागल आणलीत. मी ती रोज सकाळी भरून ठेवायचे. आणि गावंही काही कमी नव्हती. पोस्टमनला आपणहून पाणी देणं म्हणजे मयताचा सांगावा ओढवून घेणं, असं लोकांनी ठरवून टाकलं. भाकरी देतील, चहा पाजतील, बोरं देतील, पण पाणी द्यायचं नाही. तुम्ही मागायचं नाही आणि त्यांनी द्यायचं नाही. असा हा मुका करार, कुणी न केलेला आणि सगळ्यांनी पाळलेला.

तुम्ही तालुक्याच्या युनियनचे पुढारी, पण पुढाऱ्यासारखं काही नव्हतं तुमच्यात. सभा नारायणगडावर घ्यायचात, कारण तिथं प्रसादाचं जेवण मिळायचं. त्या सगळ्या बाप्यांत मी एकटी बाई. तुम्ही मला पुढं बसवलंत, "मागन्या बाई वाचतील, त्यांचा आवाज खणखणीत हाय" म्हणालात. मी वाचल्या. पगार, पेन्शन, कायम करा, सगळं रीतसर. सगळ्यात खाली तुमची मागणी होती, उन्हाळ्यात थैली लवकर द्या, म्हणजे ऊन तापायच्या आत वाटप उरकेल. मागून कुणीतरी ओरडला, "लिंबाजी, ऊन काय साहेबाच्या हातात हाय का बे?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. ती मागणी दर वर्षी लिहिली जायची आणि दर वर्षी सगळ्यात खालीच राहायची.

संपाच्या वेळी तर तुम्ही कहर केलात. माझ्याच घराच्या दाराला संपाचा कागद चिकटवलात! मी म्हटलं, "अहो, हे माझं घर आहे, मी जाऊ कुठून?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मागल्या दारानं जा की. संप म्हंजे संप." संप मिटेपर्यंत मी माझ्या घरात चोरासारखी गोठ्यातून ये-जा केली. आणि इतके कडक तुम्ही, संपाआधीच्या थैलीत मयताचं एक कार्ड राहिलं होतं ते मात्र खिशात घालून चालत निघालात. युनियनवाल्यांनी वाटेत अडवलं, फितूर म्हणाले. तुम्ही म्हणालात, "संप साहेबाच्या इरुद्ध हाय, मयताच्या इरुद्ध न्हाई." त्यांनी वाट सोडली. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता, भाऊ. तोंडावर मी फक्त "उन्हाचं कशाला निघालात" एवढंच म्हणाले. आपल्यात असंच असायचं.

यंदाचं साल तुम्हाला ठाऊकच आहे. कपिलधारचा धबधबासुद्धा आटला म्हणून लोक सांगत आले. जनावरं साखर कारखान्याच्या चारा छावणीला गेली, दावणी रिकाम्या झाल्या. जनावरंच नाहीत म्हटल्यावर दूध कुठलं? दूध संस्थेची डेअरी बंद पडली आणि डेअरीची गाडीही. त्या गाडीच्या मागं कॅनांच्या दाटीत बसून तुम्ही माळापर्यंत जायचात, दुधाचा वास घेऊन परत यायचात. गाडी गेली आणि तुम्ही तो सगळा माळ पायी तुडवायला लागलात. सायकल म्हणावं तर त्या वाटेच्या दगडांत तिचं रिम कधीच वाकलं होतं. मी म्हटलं, माळाची पत्रं दिवसाआड नेत जा. तुम्ही म्हणालात, "बाई, पावसानं पाठ फिरवली, डेअरीनं फिरवली. आता पोस्टानं बी फिरवायची का?"

त्या दिवशी थैलीत काहीच नव्हतं हो. हेच मला खातं. कोपरा फाटलेलं कार्ड नाही, तार नाही. माळासाठी एक लग्नपत्रिका आणि सोसायटीची एक छापील सूचना, बस्स. मी छागल गळ्यापर्यंत भरून दिली. तुम्ही खांद्याला लावलीत, टोपी ओली करून घातलीत आणि गेलात.

येताना रोजगार हमीच्या रस्त्यावरच्या बायांना तुम्ही बाभळीखाली पडलेले दिसलात. छागल कोरडी ठाक होती. नेमका पाण्याचा टँकर तिथून चालला होता, त्यावर घालून तुम्हाला तलवाड्याला नेलं. पाण्यानं भरलेल्या टँकरवर, भाऊ! डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगात पाणी राहिलं नव्हतं. टँकर परतला तो सरळ माझ्या दारात. ड्रायव्हर खाली उतरला, नुसती थैली आणि छागल टेबलावर ठेवली.

पारूबाई परवा आली होती, तेराव्याला. वहिनींपुढं जायची हिंमत होईना म्हणून माझ्या ओसरीत बसून राहिली. म्हणाली, "बाई, त्यो माज्या दारावरनंच गेला. उंबऱ्याकडं बघितलं, जरासा थांबला. व्हट सुकलं हुतं त्याचं. माज्या रांजणात पानी हुतं, बाई. पर मीच भ्याले. आपनहून पानी दिलं अन् माज्या भीमाला काय झालं म्हंजे? मी तोंड फिरवून बसले. त्यो गेला." मग तिनं माझ्या जोत्यावर कपाळ आपटून घेतलं. मी तिला धरून उठवलं. मनात तुम्हालाच शिव्या घालत होते. तुमच्या त्या रीतीनं तुमचा जीव घेतला. मीच खरी होते, मी सांगत होते, असं तुमच्या तोंडावर म्हणायला तुम्ही पाहिजे होतात.

युनियनवाले झेंडा घेऊन आले होते. "लिंबाजीभाऊ अमर रहे" म्हणून ओरडले. अमर राहून काय करता? पाणी पिऊन राहिला असतात तर बरं झालं असतं. त्यांचा सेक्रेटरी मला म्हणाला, "बाई, सकाळच्या थैलीची मागणी आता आमी एक नंबरला घेतलीय." मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आता निकालाचं ऐका.

टँकर आला तेव्हा माणसं जमली आणि सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. वहिनींना कोण सांगणार? म्हणाले, "बाई, तुमीच जा." मी निघाले. मनाशी पक्कं केलं होतं, आडपडदा नाही, सरळ सांगायचं. जन्मभर ज्यासाठी भांडले तेच करायचं. वाटेत वाक्यसुद्धा घोकत गेले.

वहिनी दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या, मांडीवर सूप. वर बघून हसल्या. "या बाई. कावून आलात एवढ्या उन्हाचं? ह्यांना उशीर हुनार हाय का?"

मी तोंड उघडलं. टाळ्याला जीभ चिकटली होती. घोकलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. मी ओट्यावर बसले आणि माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, पाणी देता का?"

बोलले आणि माझं मलाच कळलं, मी काय बोलले ते. आणि त्या तर पोस्टमनची बायको. हा प्रश्न त्यांच्याइतका कुणाला कळणार?

त्यांचे हात थांबले. सूप त्यांनी हळूच खाली ठेवलं, ज्वारीचा दाणा सांडू दिला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. रांजणावरच्या झाकणाचा आवाज आला. मग काहीच नाही. तांब्या बुडाल्याचा आवाज येईना. मला वाटलं आत धावावं, त्यांना धरावं. पण मी उठले नाही. तुम्ही कधी उठला नव्हतात. आत देव होता, भिंत होती. तेवढा वेळ त्यांचा होता, त्यात माझं काही काम नव्हतं. बाहेर बसून मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं तुम्ही ओट्यावर बसून काय ऐकत होतात.

बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या. डोक्यावर पदर, तोंडावरून पाणी फिरवलेलं, हातात काठोकाठ भरलेला तांब्या. एक थेंब सांडला नाही. माझ्या हातात देत म्हणाल्या, "प्या. समदं प्या. दुष्काळ हाय, ते कधी पानी टाकू देत न्हवते."

मी सगळं प्यायले. त्यांनी रिकामा तांब्या परत घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हं. आता सांगा."

मग मी सांगितलं.

जिंकलात, लिंबाजीभाऊ. पण असं जिंकायचं असतं का हो?